रीडिंग आलं तेच लिहायचं

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि या खेपेची बहुतेक पत्रं केमिस्ट्रीच्या प्रयोगांबद्दलच आहेत. मी नाशिकच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत जाणं सुटलेलं नाही, म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनला माझं रीडिंग तिन्ही वेळा १०.६ आलं. बाकी सगळ्यांच्या जर्नलमध्ये १०.० आहे. मैत्रिणी म्हणतात, तूही १०.० लिहून टाक, नाहीतर मार्क जातील. शिवाय एकदा फ्लास्कमधलं द्रावण तपकिरी, गढूळ झालं. ते का?
(बारावीची विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : १०.६ च लिही. ते तुझं सी.बी.आर. आहे, म्हणजे ब्युरेटवर (थेंब सोडायच्या खुणांच्या नळीवर) तिन्ही वेळा सारखं आलेलं रीडिंग. ते बदलायचा अधिकार मैत्रिणींना नाही, मला नाही आणि तुलाही नाही.

आता ते १०.० कुठून येतं ते बघ. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक लिटरला ६.३ ग्रॅम घेतले की द्रावण ०.०५ मोलर (लिटरला ०.०५ मोल) होतं. परमँगनेट लिटरला ३.१६ ग्रॅम घेतलं की ०.०२ मोलर. परमँगनेटचे दोन मोल ऑक्झॅलिकच्या पाच मोलना पुरतात, म्हणून १० मिली ऑक्झॅलिकला बरोबर १० मिली परमँगनेट लागायला हवं. हे झालं कागदावरचं गणित. पण परमँगनेट बाटलीत आहे तसं राहत नाही. पाण्यातली धूळ, सेंद्रिय कण, उजेड यांनी ते हळूहळू मोडतं, बाटलीच्या आतून मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी थर धरतो आणि द्रावण कमजोर होत जातं. कमजोर द्रावण जास्त लागणारच. तुझ्या १०.६ वरून हिशोब केलास तर ते ०.०१८९ मोलर निघतं, म्हणजे लिटरला सुमारे २.९८ ग्रॅम. तुझ्या जर्नलमध्ये प्रयोगाचा उद्देश काय लिहिला आहे? दिलेल्या परमँगनेटची स्ट्रेंग्थ काढणे. ती तू काढलीस. ज्यांनी १०.० लिहिलं त्यांनी बाटलीवरचं लेबल उतरवून काढलं.

मार्कांचं म्हणशील तर मी परीक्षक म्हणून जायचे तेव्हा मुलं आत यायच्या आधी त्याच बाटलीतलं द्रावण घेऊन स्वतः टायट्रेशन करून ठेवायचे आणि मुलांची रीडिंग त्याच्याशी ताडायचे. द्रावण कमजोर असलं की १०.० लिहिणारी मुलं तिथेच अडकायची.

मात्र तिन्ही रीडिंग सारखी आली म्हणजे ती बरोबरच आहेत असं समजू नकोस. एकच चूक तिन्ही वेळा होऊ शकते. ब्युरेट पाण्याने धुतल्यावर परमँगनेटने खंगाळलं होतंस का? नसेल तर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. पिपेट ऑक्झॅलिकने खंगाळायचं, फ्लास्क मात्र नुसत्या पाण्याने. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच काढायचा. भरून झालं की वरचं फनेल काढून ठेवायचं, नाहीतर मध्येच त्यातून थेंब गळतो आणि तुला पत्ताही लागत नाही. परमँगनेट गडद असल्यामुळे खालचा बाक दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा वरचीच वाच. आणि ब्युरेट काचेच्या तोटीचंच घे. रबरी नळीचं दिलं तर बदलून माग, कारण परमँगनेट रबर खातं.

तपकिरी रंगाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ॲसिड कमी पडणं. भरपूर सल्फ्युरिक असलं की परमँगनेटमधलं मँगनीज +७ या ऑक्सिडेशन नंबरवरून थेट +२ पर्यंत उतरतं आणि द्रावण रंगहीन होतं. ॲसिड अपुरं असलं, फ्लास्क थंड असला किंवा तू धार सोडलीस, की ते वाटेत +४ वर थांबतं आणि मँगनीज डायऑक्साइडचा गढूळपणा येतो. तो फ्लास्क ओतून दे, पुन्हा घे. आणि ॲसिड सल्फ्युरिकच हवं, तेही डायल्यूट. हायड्रोक्लोरिक घेतलंस तर परमँगनेट त्यातूनच क्लोरिन काढत बसतं, नायट्रिक तर स्वतःच ऑक्सिडायझर आहे.

गरम करायचं ते ६० ते ७० अंशांपर्यंत. फ्लास्कच्या तोंडाशी वाफ दिसू लागली की बर्नर काढ. उकळू देऊ नकोस, ऑक्झॅलिक मोडायला लागतं.

या प्रयोगात एक गोष्ट डोळे भरून बघण्यासारखी आहे आणि रीडिंगच्या घाईत ती सगळ्यांची हुकते. पहिला थेंब टाक आणि हात थांबव. जांभळा धागा खाली उतरतो, फ्लास्क फिरवला की सगळं गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. वाटतं, एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याची खूण, आला की काय. फिरवत राहा. काही सेकंदांनी रंग फिकटतो आणि एकदम जातो. दुसरा थेंब त्याहून लवकर जातो, पुढचे तर पडता पडताच नाहीसे होतात. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे +२ आयनच तिला वेग देतात. पहिल्या थेंबाच्या वेळी ते नव्हते. खात्री करायची असेल तर बाईंना विचारून एका फ्लास्कमध्ये चिमूटभर मँगनीज सल्फेट टाक, दुसरा तसाच ठेव, आणि दोन्हींत पहिला थेंब टाकून बघ. हे जर्नलमध्ये मागत नाहीत. तरी करच.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगा दहावीला आहे. गणितात हुशार, पण केमिस्ट्री म्हणजे त्याला नुसतं पाठांतर वाटतं. घरच्या घरी काही दाखवता येईल का?
(द्राक्ष उत्पादक, दिंडोरी)

उत्तर : दादा, तुम्ही बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मिश्रण, स्वतः तयार करता ना? मग पुढच्या वेळी त्याला शेजारी उभं करा.

एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्येच का भिजवतात, लोखंडी टाकीत का नाही, हे त्याला विचारा. मग चुना टाकून झाल्यावर तुम्ही विळा किंवा लोखंडी पातं द्रावणात धरून बघता, ते त्याच्या हातात द्या. पात्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडला. थर बसला नाही तर फवारा. मोकळं तांबं पानावर गेलं तर पान करपतं, म्हणून ही तपासणी. आता त्याचं पुस्तक उघडा. विस्थापन अभिक्रिया म्हणून जी शिकवतात ती हीच आहे. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. पातं धुवायच्या आधी त्याला नखाने तो थर खरवडून पाहू द्या, खालचं लोखंड थोडं खाल्लं गेलेलं दिसेल. समीकरणाच्या दोन्ही बाजू त्याच्या हातात असतील. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालूनच, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

या मिश्रणाची हकीकतही त्याला सांगा. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडत, म्हणजे येणारे-जाणारे द्राक्षं चोरणार नाहीत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की याच वेलींवर डाऊनी (केवडा रोग) नाही. त्याने नीट प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. कोणी तरी रस्त्याकडेच्या पानांकडे लक्ष देऊन पाहिलं, म्हणून तुमच्या बागेत आज हे औषध आहे.

दुसरा प्रयोग काढणीच्या हंगामाचा. गोडी तुम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्समध्ये मोजता. आंबटपणा मात्र कोणी मोजत नाही, जिभेवर सोडून देतात. तो शाळेच्या प्रयोगशाळेत अगदी सरळ मोजता येतो. थॉम्पसन या हिरव्या द्राक्षांचे मणी धुऊन रस काढा, गाळा, १० मिली घ्या, थोडं पाणी घाला, फिनॉल्फ्थेलीन या दर्शकाचे दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करा. द्राक्षात टार्टारिक ॲसिड मुख्य असतं. सोड्याच्या दर मिलीमागे ०.००७५ ग्रॅम टार्टारिक धरायचं. समजा ८ मिली सोडा लागला, तर १० मिली रसात ०.०६ ग्रॅम, म्हणजे शेकडा ०.६. त्याच ओळीतल्या त्याच वेलींचे मणी मण्यांत पाणी भरल्यापासून दर आठवड्याला आणून मोजले, तर आंबटपणा उतरताना आणि ब्रिक्स चढताना एकाच कागदावर दिसेल. गणितात हुशार आहे म्हणता ना, मग आलेख काढायला लावा. काळी द्राक्षं या मोजमापाला घेऊ नका, त्यांच्या सालीचा रंगच सोड्याने बदलतो आणि एंड पॉइंट कळत नाही.

पण त्याच कारणासाठी काळ्या द्राक्षांची साल दर्शक म्हणून उत्तम. साल कोमट पाण्यात कुस्करून गाळून घ्या. लिंबू पिळलं की लाल, धुण्याचा सोडा घातला की हिरवट. जास्वंदीच्या पाकळ्यांचंही असंच होतं.

आणि आपल्याकडे कांद्याला काय तोटा! चिरलेला कांदा आणि सुती कापडाच्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. सकाळी एका पट्टीवर डायल्यूट हायड्रोक्लोरिकचे थेंब, दुसरीवर डायल्यूट कॉस्टिक सोड्याचे, मग दोन्ही पाण्याने धुऊन वास घ्यायचा. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास असतो, सोड्याच्या पट्टीचा गेलेला असतो. ज्या मुलांना दिसत नाही त्यांनाही या वासाच्या आधाराने आम्ल-आम्लारीचा प्रयोग स्वतः करता येतो. शिक्षकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर तुमच्या वर्गात असं मूल असताना त्याला नुसतं ऐकायला बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. गॅस नाही, रसायनं थोडी, वर्गात साठ मुलं. प्रयोग मी टेबलावर करून दाखवतो. मागच्या बाकांना काही दिसत नाही.
(विज्ञान शिक्षक, पेठ)

उत्तर : सर, रसायनं थोडी आहेत तर प्रयोग लहान करा, मुलं कमी करू नका. परीक्षानळीत पाच मिली ओतायची आपल्याला सवय आहे, पण बहुतेक अभिक्रिया दोन थेंबांतही तितक्याच स्पष्ट दिसतात. एक मिलीत साधारण वीस थेंब बसतात. म्हणजे जे द्रावण एका परीक्षानळीत जात होतं, त्यात पन्नास मुलांचा प्रयोग होतो.

परीक्षानळीऐवजी गोळ्यांची रिकामी पाकिटं घ्या. पारदर्शक प्लास्टिकची, ज्यांतून कॅप्सूल येतात ती. मागचा चंदेरी कागद सोलून धुतली की दहा खळग्यांची छान पट्टी मिळते. खाली पांढरा कागद. मुलांना घरून आणायला सांगा, आठवड्यात ढीग जमेल. द्रावणांसाठी ड्रॉपरच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर नाव. दोन मुलांत एक पट्टी. दहांच्या गटात दोघं करतात आणि आठ बघतात, म्हणून दोघांचाच गट ठेवा.

मोरचुदाच्या एका थेंबात अमोनियाचा एक थेंब टाकला की आधी फिकट निळा साका (न विरघळणारा गाळ) येतो, आणखी अमोनिया घातला की साका विरघळून गडद शाई-निळा रंग उतरतो. हे मुलांनी स्वतः थेंब मोजत करावं. कितव्या थेंबाला साका विरघळला, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावं.

वेगाचा प्रयोगही बाटलीच्या झाकणाएवढ्या जागेत होतो. फोटोग्राफीचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, लिटरला २५ ग्रॅम घेतलं की जवळपास ०.१ मोलर होतं. कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, त्यावर पारदर्शक छोटी बाटली, तिच्यात १० मिली हायपो आणि १ मिली डायल्यूट हायड्रोक्लोरिक. गंधक सुटतं, द्रावण दुधाळ होत जातं आणि वरून बघताना फुली दिसेनाशी होते. ती वेळ नोंदवायची. मग हायपोत निम्मं पाणी घालून, मग कोमट करून. दहा अंश वाढले की वेळ साधारण निम्म्यावर येते. घड्याळ एकाने धरायचं, डोळा दुसऱ्याने लावायचा. खिडक्या उघड्या ठेवा, यात सल्फर डायऑक्साइड सुटतो. दम्याचं मूल असेल तर त्याला बाहेर व्हरांड्यात घड्याळ आणि वही द्या.

एक प्रयोग मात्र तुम्हीच करा, आणि शेवटच्या बाकापर्यंत नळी हातात घेऊन जा. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडची अगदी पातळ द्रावणं मिसळली की पिवळाधमक साका येतो. तो स्पिरिटच्या दिव्यावर तापवला की विरघळून पाण्यासारखं होतं. आता नळी स्टँडला लावा आणि हळूहळू निवू द्या. सोनेरी पापुद्रे एक एक करून दिसू लागतात आणि उजेडात चमकत खाली उतरतात. सगळा वर्ग गप्प होतो. शिसं विषारी आहे, म्हणून हे मुलांच्या हाती द्यायचं नाही आणि मोरीतही ओतायचं नाही. झाकणाची एक जाड बाटली ठेवा, तिच्यावर ‘शिसं’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि उरलेलं तिच्यात साठवा. दरवर्षी तेच पापुद्रे पुन्हा तापवून पुन्हा दाखवता येतात, नवीन करायची गरजच नाही.

प्रश्न : मुलगी एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे. लॅबमध्ये तिच्या शेजारच्या मुलीच्या हातावर ॲसिड उडालं तेव्हापासून ती घाबरते. आता प्रॅक्टिकलच्या दिवशी तिचं पोट दुखतं. तिला कॉमर्सला घालावं का?
(पालक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, इतक्यात नको. भीती वाटणं चांगलं लक्षण आहे, तिला ॲसिड काय करू शकतं ते कळलेलं आहे. आता काय करायचं ते हाताला कळू द्या.

तिला स्वतःचा गॉगल घेऊन द्या, बाजूने बंद असणारा. चष्मा पुरत नाही. ज्याच्या नावाचा बर्नर आपण रोज वापरतो त्या रॉबर्ट बन्सनची एका डोळ्याची दृष्टी आर्सेनिकच्या संयुगाच्या स्फोटात गेली होती. गॉगलला मुलं हसतात, हसू देत. सुती एप्रन, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी पिन केलेली. पिपेट तोंडाने ओढायचं नाही, रबरी फुगा मागायचा. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, कारण कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये पाणी पडलं की ते जागच्या जागी उकळून बाहेर उडतं.

आणि उडालंच तर लगेच नळाखाली हात धरायचा, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. ॲसिडवर सोडा चोळायचा नाही, त्याने उष्णता होते आणि जखम वाढते. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी, आणि मग सरळ डॉक्टर. नळ कुठे आहे हे तिने प्रयोग सुरू करायच्या आधी बघून ठेवावं. तिच्या बाईंना भेटा आणि पहिले काही दिवस तिला त्यांच्या टेबलाजवळ जागा मागा. माझ्या हाताखालून अशा भीतीने आलेल्या मुली गेल्या आहेत, त्यांचे हात पुढे सगळ्यांत स्थिर झाले.

प्रश्न : मुलगा अकरावीला इंटिग्रेटेड कोर्सला आहे. तिथे प्रॅक्टिकल होत नाहीत. बोर्डाच्या आधी काही दिवस करून घेऊ, जर्नल तयार मिळेल, असं सांगतात. घरी कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल लॅब पाहिली तर चालेल का?
(पालक, गंगापूर रोड)

उत्तर : पाहिली तर उत्तमच, पण तेवढ्यावर चालणार नाही. सी-डॅक ही सरकारी संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी केलेल्या ‘ओलॅब्स’ या व्हर्च्युअल लॅबवर प्रयोगाचा क्रम छान समजतो, आदल्या दिवशी बघून जायला मी स्वतः सांगते. पण तिथे ब्युरेट गळत नाही, तोटी कडक होत नाही, एंड पॉइंट हातून निसटत नाही. एक थेंब सोडायचा म्हणजे तोटी किती फिरवायची, हे बोटांनाच शिकावं लागतं.

तयार जर्नल घेऊ नका. मी हे फार वर्षं पाहते आहे आणि मला याचा मनापासून त्रास होतो. सतरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, की न केलेल्या प्रयोगाखाली सही कर. त्याला केमिस्ट्री येत नाही, यापेक्षा हे जास्त वाईट आहे.

व्यवहाराचंच बोलायचं तर बोर्डाच्या शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. जेईई मेन आणि नीट दोन्हींच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वं हे वेगळं प्रकरण आहे. मुलगा खरंच हुशार असेल आणि ऑलिम्पियाडकडे बघत असेल, तर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पाच तासांची प्रयोगशाळेची परीक्षा असते आणि तिला ४० टक्के वजन आहे. आपल्याकडे तिची तयारी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात करून घेतात. २००१ ची ही ऑलिम्पियाड मुंबईतच झाली होती.

चार-पाच पालक मिळून लेखी पत्र द्या, की आठवड्यातून एक प्रॅक्टिकल हवं. फी तुम्ही प्रॅक्टिकलचीही भरलेली आहे.

प्रश्न : सॉल्ट ॲनालिसिसमध्ये फ्लेम टेस्टला मला कुठलंही सॉल्ट दिलं तरी पिवळीच ज्योत दिसते. आणि नायट्रेटची रिंग येतच नाही.
(बारावीचा विद्यार्थी, सिडको)

उत्तर : पिवळा रंग सोडियमचा. तो तुझ्या तारेवर आहे, बोटांच्या घामातही आहे. तार कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून ज्योतीत धर, पुन्हा बुडव, पुन्हा धर, ज्योतीला काहीच रंग येईना तोपर्यंत. तारेच्या टोकाला हात लावू नकोस. मग सॉल्टची ॲसिडमध्ये केलेली पेस्ट घे आणि ज्योतीच्या कडेला धर. कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी. पोटॅशियमचा फिकट जांभळा निळ्या कोबाल्ट काचेतून बघ, ती काच पिवळा अडवते.

रिंग न येण्याचं कारण बहुधा फेरस सल्फेट. ते ठेवलं की हवेने फेरिक होतं आणि मग रिंग येत नाही. बाटलीतलं पिवळट द्रावण वापरू नकोस, हिरवे स्फटिक घेऊन ताजं कर. नळी तिरकी धरून कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक कडेने अगदी हळू सोड आणि नंतर नळी हलवू नकोस. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसेल, हललं की जाईल.

प्रश्न : आम्ही नववीच्या मैत्रिणी विज्ञान प्रदर्शनासाठी नळाचं आणि बोअरचं पाणी तपासणार आहोत. सोपी पद्धत सांगाल?
(विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : कठीणपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजा. सोपी पद्धत साबणाची. एक साबण पाण्यात विरघळवून ठेवा. सारख्या बाटल्यांत ५०-५० मिली पाणी घ्या, साबणाचा एकेक थेंब टाकून झाकण लावून हलवा आणि मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजा. एकीत डिस्टिल्ड पाणी ठेवा, तुलनेला. डिटर्जंट घेऊ नका, त्याचा कठीण पाण्यातही फेस होतो आणि फरक दिसत नाही.

जवळच्या कॉलेजात कोणी मदत करणार असेल तर ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणाऱ्या रसायनाचं टायट्रेशन बघायला जा. पाण्यात अमोनियाचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घातला की द्रावण वाइनसारखं लाल होतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम संपलं की निळं. ५० मिली पाणी घेतलं तर ०.०१ मोलर ईडीटीएच्या दर मिलीमागे लिटरला २० मिलीग्रॅम कठीणपणा धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगलं मानतात, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

नळाचं पाणी गंगापूर धरणाचं आणि बोअरचं काळ्या बेसाल्ट खडकातलं, तेव्हा फरक पडेल असं तुम्हाला आधीच वाटत असेल. तसा तो पडला नाही तर तक्त्यावर तेच लिहा. प्रत्येक बाटलीवर कुठलं पाणी, कोणत्या तारखेला, किती वाजता भरलं ते चिकटवा. बोअरचं पाणी पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच भरा, पाइपात साचलेलं नको.